सुई आईच्या मांडीवरच

प्रश्न: आम्ही लंडनजवळ राहतो. जानेवारीत सोलापूरला सासरी येतोय आणि बाळाची बारा आठवड्यांची लस तिथंच घ्यावी लागेल. मागच्या वेळी ते इतकं रडलं की माझाच धीर सुटला. सासूबाई म्हणतात, "तुला बघवणार नाही, तू बाहेर थांब, मी धरते. आधी जरा मध चाटवू." काय करू?

उत्तर: मधाचं आधी सांगते, कारण तिथं तडजोड नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही द्यायचा नाही. त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, मग मध घरचा असो की बाजारचा.

आणि बाहेर तर अजिबात थांबू नका. लस टोचताना आईवडिलांनी जवळ असावं, बाळाला कुशीत धरावं आणि जमेल तर अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच २०१५ मध्ये सांगितलंय. टेबलावर उताणं निजवून दोघांनी पाय दाबून धरले की बाळ सुईच्या आधीच घाबरतं.

खुर्चीत बसा. सुईच्या चार-पाच मिनिटं आधी बाळाला पाजायला घ्या. ते नीट लागलं, गिळायला लागलं की मगच नर्सताईंना खूण करा. मांडी उघडी हवी, म्हणून झबलं आणि लंगोट पुरे. तिकडचे पायापर्यंत बटणांचे कपडे त्या दिवशी नकोत. सुई झाल्यावरही पाजत राहा. "घशात जाईल, नंतर पाजा" असं कुणी म्हणेलच. पण याचे अभ्यास झालेत आणि त्यांत असा अपाय दिसलेला नाही. आदल्या दिवशी फोन करून डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे ऐनवेळी वाद नको.

अंगावर पाजत नसाल तर साखरपाणी. उकळून गार केलेल्या दोन चमचे पाण्यात एक चमचा साखर विरघळवायची आणि सुईच्या एक-दोन मिनिटं आधी त्यातलं थोडं गालाच्या आतल्या बाजूला थेंबथेंब सोडायचं. हे फक्त सुईपुरतं. एरवी रडलं म्हणून द्यायचं नाही.

रोटाव्हायरसचे, म्हणजे जुलाबाविरुद्धच्या लसीचे तोंडातले थेंब असतील तर ते आधी. सुया एकाहून जास्त असतील तर जास्त दुखणारी शेवटी; न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकलची त्यातलीच. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त बघायची जुनी पद्धत आहे, तिची गरज नसते आणि त्यात सुई आत जास्त वेळ राहते. हे विचारायला संकोच कसला? कोणती लस द्यायची ते मात्र डॉक्टर तुमचं तिकडचं लाल पुस्तक, म्हणजे बाळाच्या लसींची नोंदवही, बघून ठरवतील, ते हँडबॅगेतच ठेवा.

टोचलेली जागा चोळू नका, हळद-तेल काही लावू नका. "अगं बाई, टोचलं का माझ्या सोन्याला!" हा गजर घरच्यांनी आवरावा, हे सासूबाईंना गोडीनं सांगा. त्यांना कामही द्या: खुळखुळा आणि मऊ जुनं दुपटं त्यांच्याकडे. सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी बाळाला गुंडाळायला जाडच.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, दिवसांत मंदिराच्या बाजूला गर्दी असते, तेव्हा घरातून लवकर निघा. धापा टाकत पोचलात तर पाजायला निवांत बसणं होत नाही. दुखू नये म्हणून आधीच तापाचं औषध पाजून नेऊ नका. नंतर ताप आला तर किती द्यायचं, ते तिथंच बाळाच्या वजनावरून लिहून घ्या.