गडचिरोलीकडे वनहक्काच्या कामाला निघालास, तर एवढं ऐक

प्रार्थना घरी कर, पहाटे कर, पण ग्रामसभेची सुरुवात प्रार्थनेनं करू नकोस. गावाला वाटेल, हा जंगलाचा हक्क सांगायला आलाय की धर्म? तो संशय एकदा आला की तेंदूच्या हंगामापर्यंत काही फिटत नाही.

श्रद्धा कुठे लावायची, ते बायबलातल्या नाबोथाच्या गोष्टीत बघ. राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथ मेला, जमीन गेली. सगळं कसं रीतसर, कागदोपत्री! म्हणून आपणही कागद पक्का ठेवायचा.

2006 च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. दाव्याच्या ठरावाला निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. मोहफुलं वेचायच्या दिवसांत सकाळची सभा ठेवलीस तर बाया येणारच नाहीत. रात्री, जेवणं झाल्यावर ठेव. निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची सरकारी नोंद, काढ, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घे, वाचून दाखव, मगच अंगठा. दावा दिला की पोच घे, तारखेसकट.

मेंढा-लेखाला जाऊन ये. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव आहे ते. तिथे बायबल पिशवीतच राहू दे, नुसतं ऐक.