जहाज वसूल करायला नको, समुद्र बघायला जा

प्रिय बेटा,

तुझा मेसेज रात्री वाचला, मग तुझ्या कॅरिबियन क्रूझची ती शीटही उघडून पाहिली. सात दिवस, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत एकेका तासाचा खण, कुठे हिरवा कुठे पिवळा, वॉटर स्लाइड, ट्रिव्हिया, आइस शो, बुफे, पुन्हा बुफे. खाली प्रश्नांची रांग, बाल्कनी घेऊ की आतली केबिन, ड्रिंक पॅकेज घेऊ का, वायफाय तिघांना की एकालाच, सेंट मार्टिनला विमानं बघायची की बीचवर जायचं. आणि शेवटी, "बाई, सगळी सेव्हिंग लावून राहिली, आईबाबांना पहिल्यांदा नेऊन राहिली, वसूल होईल नं?"

हे वाचून तुझी काळजी वाटली बघ. नागपूरच्या मिहानमध्ये एवढी चांगली नोकरी करणारी हुशार पोरगी, आणि सुट्टीच्या सात दिवसांसाठी ऑफिसपेक्षा जास्त टेन्शन घेऊन बसली. कष्टाचा पैसा आहे, नीट लागला पाहिजे, ते मला कळतं. पण तू समुद्र बघायला चालली आहेस आणि त्या शीटमध्ये समुद्राला एक खण नाही. पुन्हा उघडून बघ. एकही नाही.

ही तुझी एकटीची गोष्ट नाही, हल्लीची जहाजंच तशी बांधतात. 2024 च्या जानेवारीत मायामीहून आयकॉन ऑफ द सीज निघालं, 20 डेक, 365 मीटर लांब, भरलं की साडेसात हजारांच्या वर प्रवासी. त्या जातीच्या जहाजांवर काही केबिनच्या बाल्कन्या समुद्राकडे उघडतच नाहीत, जहाजाच्या पोटात बाग केलेली असते तिच्याकडे उघडतात. म्हणजे माणूस मायामीहून निघून बेटं फिरून परत मायामीला येतो आणि आठवडाभर पाण्याकडे पाठ. तिथे करमणुकीची काही कमी नसते, कॅसिनो आहे, दुकानं आहेत, सकाळी दारात दिवसभराच्या कार्यक्रमांचा कागद येतो नाहीतर ॲपवर येतो, आणि तो कागद हातात आला की माणूस धावायला लागतो. धावू नको. समुद्राकडे तोंड करून बस. हेच सांगायला पत्र लिहून राहिले, बाकीचं सगळं याच्यापुढे किरकोळ आहे.

तुला आठवत असेल, सातवीत का आठवीत मी फळ्यावर अटलांटिक काढायचे, उष्ण प्रवाह लाल खडूने, थंड प्रवाह निळ्या खडूने. गल्फ प्रवाह लाल. समोर बसलेल्या निम्म्या पोरांनी अंबाझरी आणि फुटाळा तलावांच्या पलीकडे पाणी पाहिलेलं नसायचं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मीही त्या प्रवाहाच्या आसपास कुठे गेले नव्हते. नोकरी संपल्यावर गेले. मायामीहून जहाज दुपारी उशिरा सुटतं, बंदराच्या अरुंद वाटेतून बाहेर पडतं तोवर पाणी हिरवट असतं, थोडं गढूळ, आणि पुढे काही वेळातच ते गर्द निळं होतं, इतकं निळं की वरून बघताना खाली तळ असेल असं वाटतच नाही. तोच गल्फ प्रवाह. ताशी सहा किलोमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेला चाललेला, माझ्या खडूतला लाल. मी कठड्याला धरून उभी होते आणि वरच्या डेकवर डीजे लावलेला होता, सगळे तिकडे नाचत होते, माझ्या बाजूला फक्त एक म्हातारे गृहस्थ होते. निघण्याचा तो तास तू सोडू नको. आईबाबांना घेऊन बाहेर ये. सेफ्टी ड्रिल आधी उरकून घे, ते सगळ्यांना सक्तीचं असतं, आणि सामानाची वाट बघत केबिनमध्ये बसू नको, मोठ्या बॅगा पोर्टरकडे दिल्या की संध्याकाळपर्यंत दारात येतात. बाबांची औषधं आणि पासपोर्ट मात्र हातातल्या बॅगेत.

आता माझी सल सांगते, मग तुला कळेल मी एवढी हट्टाने काहून बोलते. आम्ही ग्रुपने गेलो होतो. पुएर्तो रिको बेटावरच्या सान हुआनला जहाज सकाळी शिरणार होतं. तिथल्या बंदराच्या तोंडाशी एल मोरोचा किल्ला आहे, स्पॅनिश लोकांनी 1539 मध्ये बांधायला घेतलेला, आणि जहाज त्याच्या इतक्या जवळून आत जातं की तटबंदीवरची माणसं दिसतात. मी आदल्या रात्री सगळं वाचून ठेवलं होतं. पण टूर मॅनेजरने नाश्त्याची वेळ तीच दिली, सगळ्यांनी एकत्र बसायचं म्हणून, आणि मला काचेतून, इडलीच्या ताटावरून, एक पिवळट दगडी भिंत सरकताना दिसली. झालं. तेवढंच. आयुष्यात ते बंदर मला पुन्हा दिसणार नाही. गुडघे तसे राहिले नाहीत आणि पैसेही. म्हणून सांगते बेटा, शिरताना आणि निघताना डेकवर राहायचं, नाश्ता नंतर मिळतो, बुफे कुठे पळून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सेंट थॉमस बेटाला मी कोणाला न विचारता उजाडायच्या आधी उठले. एक छोटी बोट आमच्या जहाजाला येऊन भिडली, जहाज चालूच होतं, आणि त्या बोटीतून एका माणसाने वरून सोडलेली दोराची शिडी पकडली आणि चढून आत आला. तो पायलट, तिथल्या बंदराचा, कुठे खडक आहे कुठे उथळ आहे हे त्याला माहीत असतं, आपल्या कॅप्टनच्या बाजूला उभा राहून तो जहाज आत नेतो. शिडी हलत होती, खाली पाणी, त्याने एकदाही खाली पाहिलं नाही. हे बघायला तिकीट लागत नाही, लवकर उठावं लागतं एवढंच.

आता दिवसांचं. तुझ्या रूटवर मायामी ते सान हुआन मध्ये पूर्ण सी डे आहेत, जहाज कुठेही लागत नाही, आणि तू त्यांनाच सगळ्यात जास्त भरून ठेवलं आहेस. अगं तेच तर खरे दिवस! मायामी जवळजवळ 26 अंश उत्तरेला, सान हुआन साडेअठरावर. मधे कुठेतरी जहाज 21 अंश ओलांडतं, आपल्या नागपूरचा अक्षांश. केबिनच्या टीव्हीवर एक चॅनल असतो, नकाशा, वेग, अक्षांश-रेखांश सगळं दाखवतो, तो लावून ठेव आणि आकडा 21 च्या जवळ आला की आईला बाहेर घेऊन जा. रात्र असेल आणि आकाश मोकळं असेल तर ध्रुवतारा दाखव, क्षितिजापासून तो तेवढ्याच उंचीवर असतो जेवढा फुटाळ्यावरून दिसतो. तुझी आई आयुष्यात पहिल्यांदा देश सोडून चालली, तिला हे सांग, तिला बरं वाटेल. आणि पुएर्तो रिकोच्या उत्तरेला ती गर्ता आहे, अटलांटिकमधली सगळ्यात खोल जागा, 8,300 मीटरच्या वर, एव्हरेस्टपेक्षा पाचेकशे मीटरच कमी. त्या बाजूने जाताना खाली किती पाणी आहे हे माहीत असलेला माणूस ट्रिव्हिया कॉन्टेस्टमध्ये कसा काय बसू शकतो मला कळत नाही.

वरच्या डेकवर बसू नको मात्र, तिथे पूल आणि गाणी. खाली लाइफबोटींच्या बाजूने मोकळा रस्ता असतो बऱ्याच जहाजांवर, तिथे बस. पाण्याच्या जवळ असलं की उडणारे मासे दिसतात, जहाजाच्या लाटेतून एकदम सुटतात आणि पाण्याला घासत लांब जातात. कधी तपकिरी गवताचे लांब पट्टे दिसतील, ते सारगॅसम, समुद्रातलं शेवाळ, 2011 पासून तिकडे फार वाढलंय, किनाऱ्यांवर येऊन सडतं, बेटांवरच्या लोकांना मोठा त्रास आहे त्याचा. आणि वारा बघ कुठून येतो. पूर्वेकडून, सतत. व्यापारी वारे, पाठ केले होतेस तू. याच वाऱ्यांनी शिडाची जहाजं अटलांटिक पार करून या बेटांना लागायची. 1845 मध्ये फतेल रझाक कलकत्त्याहून आपली गिरमिटिया, म्हणजे करारावर मजुरीला नेलेली, माणसं घेऊन त्रिनिदादला गेलं, 30 मे ला पोचलं, तीन महिन्यांच्या वर समुद्रात. तुझं जहाज त्रिनिदादला जात नाही, पण समुद्र तोच, आणि ती माणसं घर पुन्हा कधी दिसेल हे माहीत नसताना निघाली होती. आपण निदान नजर तरी वर करावी.

मी हे बोलते म्हणून माझी नणंद अजून मला ऐकवते, सात दिवस खुर्चीत बसून आलीस, तेवढ्यासाठी अंबाझरी काय वाईट होतं, शो पाहिला नाही, आइस स्केटिंग पाहिलं नाही, पैसे पाण्यात घातले. मी तिला सांगितलं आणि तुलाही सांगते, शो मला वसंतराव देशपांडे सभागृहात बघायला मिळतो, बर्फावर नाचणारी माणसं टीव्हीवर दिसतात, समुद्र नागपुरात मिळत नाही. मुंबईला पोचायला समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर कापावे लागतात आणि तिथेही वरळीला गाडीतून दिसतो तेवढाच. मी बरोबर केलं. तेव्हाही बरोबर होतं आणि आज कोणी पैसे दिले तर पुन्हा तसंच करीन.

तुझे प्रश्न राहिले. पटकन सांगते. आतली केबिन घे, खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं, आणि खिडकी नसली की आपोआप बाहेर पडशील. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून बाल्कनी घ्यायचीच असेल तर बुक करताना समुद्राकडची आहे का नीट बघून घे. ड्रिंक पॅकेज नको, घरात कोणी पीत नाही, आणि बऱ्याच कंपन्या एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की सगळ्यांना घ्यायला लावतात. पाणी, चहा, साधी कॉफी भाड्यात असते. वायफाय एका फोनला बस झालं, बाकीचे फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून घरी बिल येईल. टिप म्हणून माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर खात्याला लागतात, तिघांचे मिळून साडेतीनशे-चारशे, ते आत्ताच बाजूला काढून ठेव. केटल आणि इस्त्री नेऊ नको, दोन्ही काढून घेतात. आईचं शाकाहारी जेवण बुकिंगमध्येच लिहून दे आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या हेड वेटरला स्वतः भेटून सांग, बऱ्याच जहाजांवर आपल्याकडची मुलं कामाला असतात, सहा-सहा नऊ-नऊ महिने घर सोडून, नीट बोल त्यांच्याशी. बेटावर उतरलात की घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेव, फोन आपोआप वेळ बदलतो आणि जहाज कोणासाठी थांबत नाही.

विमानं की बीच, हे विचारूच नको मला. सेंट मार्टिनच्या माहो बीचवर डोक्यावरून विमान जातं, तुला हौस असेल तर जा, एक विमान बघ आणि मग विमानतळाकडे पाठ करून बस.

आणि आईला उलटीची भीती वाटते म्हणालीस. डिसेंबरात तिकडे सहसा चक्रीवादळं नसतात, हरिकेनचा सीझन 30 नोव्हेंबरला संपतो, पण वारे जोरात असतात, जहाज थोडं हलणार. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. पण औषधाइतकंच दुसरं काम असं की तिला केबिनमध्ये झोपवू नको. कान सांगतो आपण हलतोय, डोळ्याला बंद खोलीत सगळं स्थिर दिसतं, त्या भांडणातून मळमळ होते. बाहेर आणून क्षितिजाकडे बघायला लाव, डोळा आणि कान एक बोलायला लागतात, बऱ्याच जणांना त्याने बरं वाटतं. बघ, इथेही मी तेच सांगतेय. समुद्राकडे तोंड करून बस.

ती शीट पुसून टाक असं नाही म्हणत. बंदरांच्या वेळा ठेव, उगवतीच्या-मावळतीच्या वेळा भर, पायलट यायच्या वेळा गेस्ट सर्व्हिसला विचारून लिही, बाकी मोकळं सोड. रविवारी संध्याकाळी आईला घेऊन घरी ये, माझा जुना ॲटलास काढून ठेवते, रूटवर पेन्सिलने खोली आणि अक्षांश लिहून देते. चष्मा आणायला सांग तिला.

तुझी,
बाई