मंडोरच्या छत्र्या कोणत्या क्रमाने पाहाव्यात?

प्रश्न : डिसेंबरात जोधपूरला जात आहोत. मंडोरला अर्धा दिवस पुरेल का? फोटोंत राजांच्या सगळ्या छत्र्या (म्हणजे स्मारकं) सारख्याच दिसतात, नेमकं काय पाहायचं? सोबत सत्तरीची आई आहे.

उत्तर : पुरेल, पण सकाळचा अर्धा दिवस काढा. माथ्यावरच्या उन्हात तांबड्या दगडावरचं कोरीवकाम सपाट दिसतं. तिरप्या उन्हात तेच उठून येतं. मंडोर शहराच्या उत्तरेला साधारण ९ किलोमीटरवर आहे. रिक्षा करणार असाल तर जाण्यायेण्याचं आणि थांबण्याचं भाडं आधीच एकत्र ठरवा.

राठोड राजा राव जोधांनी १४५९ मध्ये राजधानी मंडोरहून जोधपूरला हलवली, तरी राठोड राजांची स्मारकं पुढे कित्येक पिढ्या मंडोरलाच उभी राहिली. त्यांची बांधणी मंदिराची आहे : जोतं, मंडप, गाभारा, वर शिखर. बहुतेक जण थेट अजितसिंहांच्या सगळ्यांत भव्य स्मारकापाशी जातात आणि मग बाकीची त्याचीच लहान नक्कल वाटू लागतात. उलट करा. राव मालदेव (मृत्यू १५६२), मग जसवंतसिंह पहिले (१६७८), शेवटी अजितसिंह (१७२४). या क्रमाने गेलात की आकार आणि नक्षी कशी वाढत गेली ते आपोआप कळतं.

आईंना एकाच जोत्यावर चढवा, अजितसिंहांच्या. पायऱ्या उंच आहेत, हात धरायला कोणीतरी हवं. बाकीची स्मारकं बागेतल्या वाटेवरूनही छान दिसतात. मागच्या टेकडीवरचे किल्ल्याचे अवशेष त्यांच्यासाठी सोडून द्या. ‘वीरों की दालान’ मात्र चुकवू नका : कातळात कोरलेल्या, वर रंगवलेल्या मोठ्या मूर्ती, त्यांत देवांबरोबर पाबूजी, रामदेवजी यांच्यासारखे लोकवीर घोड्यांवर बसलेले. रंग भडक आहेत, नाक मुरडू नका.

आणि खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका. वानरं धीट आहेत.

प्रश्न : राण्यांच्या छत्र्या बागेत सापडल्या नाहीत. कुठे आहेत?

उत्तर : बागेत नाहीतच, जवळच पंचकुंडाला आहेत. रिक्षा ठरवतानाच तसं सांगा, नाहीतर बागेच्या दारातूनच परत फिरवतात. तिथल्या छत्र्या खांबांवर घुमट अशा साध्या घडणीच्या आहेत. जसवंतसिंह दुसरे यांचं स्मारकही मंडोरला शोधू नका. त्यांचा पांढऱ्या संगमरवराचा जसवंत थडा (१८९९) जोधपुरातल्या मेहरानगड किल्ल्याजवळ आहे.