वाहन-सल्ला: मोठ्या एसयूव्हीतील धक्के कसे कमी करावेत?

प्रश्न : माझ्याकडे लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली) सात आसनी डिझेल एसयूव्ही असून ती सहा वर्षांत ७०,००० किलोमीटर चालली आहे. टायर मूळचेच, २६५/६० आर १८ मापाचे आहेत. दाराच्या खांबावरील तक्त्यावर हवेचा दाब २९ पीएसआय लिहिला आहे, परंतु टायरवाला ‘गाडी जड आहे’ म्हणून ३६ भरतो. चिपळूणहून कुंभार्ली घाटमार्गे कराडला जाताना तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या आईची पाठ धरते. एरवी गाडीत दोघे-तिघेच असतात. गॅरेजमध्ये हेवी ड्यूटी शॉकॲब्सॉर्बर बसवण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तूर्त मानू नये. टायर, शॉकॲब्सॉर्बर आणि रबरी बुश (सांध्यांमधील रबरी नळ्या) यांपैकी नेमका दोष कशाचा, हे धक्क्याच्या प्रकारावरून बरेचसे कळते आणि ते कळल्याशिवाय खर्च करण्यात अर्थ नाही. पेव्हर ब्लॉकवर किंवा खडबडीत डांबरावर आसनापर्यंत बारीक, कोरडी थरथर पोहोचत असेल, तर प्रथम टायरकडे पाहावे. गतिरोधक ओलांडल्यानंतर गाडी एकदा खाली-वर होऊन स्थिरावण्याऐवजी दोन-तीन वेळा डोलत असेल, तर शॉकॲब्सॉर्बर थकले आहेत. खड्ड्यात ‘खट्ट’ असा धातूचा आवाज येत असेल, तर बुश, लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट हे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या भागांतील सांधे तपासावेत.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते ३६ पीएसआय. तक्त्यावरील आकडा गाडीचे वजन हिशेबात धरूनच ठरवलेला असतो. त्यामुळे ‘जड गाडी’ हे कारण दुसऱ्यांदा लावण्याची गरज नाही. टायर ही सस्पेन्शनमधील, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेतील, पहिली स्प्रिंग आहे आणि तिचा ताठपणा बराचसा आतील हवेच्या दाबावर ठरतो. आपण तो दाब जवळजवळ चौथाईने वाढवून ठेवला आहे, शिवाय त्यामुळे टायर मधोमध झिजतो आणि ओल्या घाटात पकड कमी होते ती वेगळीच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी निघण्यापूर्वी दाब मोजून २९ करावा. प्रवासात तापलेल्या टायरमधून हवा सोडून २९ वर आणणे ही चूक ठरेल, कारण तापमानातील दर दहा अंशांमागे दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो आणि थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा निघेल. पूर्ण भारासाठी तक्त्यावर वेगळा आकडा असल्यास सातही जण बसतील तेव्हा तोच पाळावा. आरामासाठी तक्त्याच्याही खाली जाऊ नये. कमी हवेच्या टायरची बाजू सतत वाकून तापते आणि जड गाडीत वेगात असताना तो फुटू शकतो.

यानंतर टायरचे वय पाहा. बाजूवरील, निर्मितीचा काळ सांगणाऱ्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांत रबर कडक होते, मग नक्षी १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक असली तरीही. नवे घेताना रस्त्यासाठीचे, म्हणजे एचटी (हायवे टेरेन) प्रकारचे घ्यावेत. जाड गठ्ठ्यांचे एटी (ऑल टेरेन) टायर दिसायला रुबाबदार असतात आणि शेतरस्त्यावर उपयोगीही पडतात, पण डांबरी रस्त्यावर त्यांचा आवाज आणि ताठपणा दोन्ही जाणवतात. भारनिर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरील अंक) मूळच्यापेक्षा कमी नको. ११० म्हणजे प्रत्येक टायरमागे १,०६० किलो.

एक उपाय मी आवर्जून सुचवीन. आपल्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच १७ इंची चाकेही येत असतील (टोयोटा फॉर्च्युनर भारतात दोन्ही मापांत विकली गेली आहे), तर २६५/६५ आर १७ हे माप (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) घेता येईल. दोन्हींचा एकूण व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटरवर परिणाम नगण्य. पण टायरच्या बाजूची उंची १५९ वरून १७२ मिलिमीटर होते आणि खड्ड्याची कड झेलायला तेवढे रबर जास्त मिळते. रिम ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे बसवून पाहूनच ठरवावे.

आता शॉकॲब्सॉर्बर. गाडीचा भार स्प्रिंग पेलते; शॉकॲब्सॉर्बर फक्त तिची हालचाल आवरतो, आतील तेल झडपांच्या बारीक छिद्रांतून ढकलून. हेवी ड्यूटी शॉकॲब्सॉर्बर छतावर सामान, मागे ट्रेलर किंवा जादा भार असणाऱ्या गाडीसाठी बनवलेला असतो. दोघे-तिघेच बसणाऱ्या गाडीत तो छोट्या खड्ड्यांना अधिकच कडक उत्तर देईल. बाहेर तेलाचा ओलावा असेल, टायर लाटालाटांनी झिजला असेल किंवा वर सांगितलेले डोलणे असेल, तर मूळ दर्जाचेच नवे जोडीने बसवावेत. शक्य असल्यास चारही, सोबत वरचे माउंट (बसवण्याचे रबरी आधार) आणि बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारे रबरी ठोकळे). त्या वेळी मेकॅनिककडे एक आग्रह धरावा : आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचे बोल्ट सैल केले असल्यास ते गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. चाके लटकत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते, गाडी ताठ चालते आणि बुश लवकर फाटतो. पुढची जोडी बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावे.

आईंना मात्र आजपासूनच मधल्या रांगेत बसवा. तिसरी रांग मागच्या अखंड ॲक्सलच्या (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याच्या) जवळजवळ वर असते, म्हणून तिथला धक्का कोणत्याही टायरने पूर्ण जाणार नाही.

प्रश्न : स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर घेतल्यास गाडी मऊ होते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. बफर दोन वेटोळ्यांमधील हालचाल अडवतो. त्यामुळे गाडी थोडी वर उचलली जाते आणि स्प्रिंग आणखी कडक होते. स्प्रिंग खरोखर दबून खाली बसली असेल, तर दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजून मूळ मापाशी ताडून पाहावी आणि जोडीने नवी स्प्रिंग घालावी.