बाबांचा 'संकेत' ग्रुप आणि दोनशे पानी वही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वडील बासष्टचे, आपल्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे माग तुझ्या भावाकडे सोपवून घरी बसलेत. वर्षभर एका टेलिग्राम ग्रुपात नेत्यांच्या पोस्टी 'उलगडतात'. पोस्ट किती वाजून किती मिनिटांनी पडली, शाल कुठल्या रंगाची, कुठल्या शब्दावर टिंब जास्तीचं, आकड्यांची बेरीज किती. परवा रात्री दोनला आईला उठवून म्हणाले, उद्या बँक उघडली की पैसे काढून आण, संकेत आलाय. यात खरंच काही असतं का आणि त्यांना बाहेर कसं काढू, असं तू विचारलंस. माझी मुलगी तुझ्याच वयाची, म्हणून एकेरीत लिहितो.

राजकारणात संकेत असतात, हे आधी कबूल करू. सात रस्त्याला किंवा आसरा चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की शुभेच्छा कोण वाचतं? कुणाचा फोटो मोठा, कोण खालच्या ओळीत गेला, परवापर्यंत शेजारी असलेलं डोकं आज कुठं गायब, हे आपण बघतो आणि 'गेला बे हा तिकडं' म्हणून मोकळे होतो. बऱ्याचदा ते बरोबरही निघतं, कारण फ्लेक्स लावणाऱ्याला तेच सांगायचं असतं. तेव्हा वडिलांपुढं 'संकेत-बिंकेत काही नसतं' असं म्हणू नकोस. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला ते पटायचं नाही.

मी तीस वर्षं आडतीच्या दुकानात दिवाणजी होतो. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी बाजार भरला की मी लहानपणी त्यांच्या धोतराला धरून उभा असायचो. दोघांच्या हातांवर उपरणं टाकलेलं, वर चेहरे दगडासारखे, आत बोटं दाबणं चाललेलं. अख्खं गाव भोवती उभं, पण भाव दोघांनाच कळायचा. जुन्या व्यापाऱ्यांची नंदभाषा तर याहून पुढची: केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाइकासमोर मालक गुमास्त्याला 'पोकू' म्हणाला, तर गुमास्ता चारच समजणार. पुण्यातला गुमास्ताही चारच समजणार. आणि चुकून पाच समजला, तर संध्याकाळी ते पैसे त्याच्या पगारातून जाणार. खरी सांकेतिक भाषा अशी असते. ती जाणणारे दोघं वेगवेगळ्या खोलीत बसवले तरी एकच आकडा घेऊन बाहेर येतात.

वडिलांच्या ग्रुपात हे करून बघ म्हणावं. एकच पोस्ट दोघांना द्यायची, एकमेकांशी बोलायचं नाही, अर्थ कागदावर लिहून आणायचा. बघ काय होतं ते.

हे मी शहाणपणानं सांगतोय असं समजू नकोस, मी स्वतः शेण खाल्लंय. ५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजता, ९ मिनिटं दिवे लावा, असं पंतप्रधानांनी सांगितलं होतं, आठवतंय ना? लॉकडाऊनमध्ये हाताला काम नव्हतं. मी वही घेऊन बसलो आणि तासाभरात एक लांबलचक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: पाचवी तारीख, चौथा महिना, पाच अधिक चार नऊ, वाजले नऊ, मिनिटं नऊ, ग्रह नऊ. पन्नासेक अंगठे आले. 'दिवाणजी, तुमचा अभ्यास दांडगा' असं दोघांनी लिहिलं. खरं सांगतो, तीस वर्षं ताळेबंद जुळवला तेव्हा असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नववीतल्या पोरीनं जिन्यात गाठलं. 'काका, वर्ष का नाही धरलं? पाच, चार, दोन, शून्य, दोन, शून्य. तेरा होतात. एक आणि तीन चार.' मी म्हटलं, वर्ष धरत नसतात. ती म्हणाली, 'कुणी ठरवलं?' मला उत्तर सुचेना. ठरवलं मीच होतं, नऊ आल्यावर.

नंतर मी नीट हिशोब मांडला. एका पोस्टमध्ये बघण्यासारख्या दहा गोष्टी धर: तास, मिनिट, तारीख, शब्दसंख्या, अक्षरसंख्या, फोटोतली माणसं, असं काहीही. प्रत्येक गोष्ट मोजायच्या दहा तऱ्हा धर: सरळ बेरीज, उलटी, वर्ष धरून, सोडून. झाले शंभर प्रयत्न. प्रत्येकाचा शेवट एक ते नऊपैकी कुठल्यातरी आकड्यावर होणार. म्हणजे कुठलाही आकडा आधी मनात धरला, तरी शंभरातून दहा-अकरा वेळा तो नुसत्या योगायोगानं यायचाच. ते दहा-अकरा ग्रुपवर टाकायचे, उरलेल्या नव्वदांची वाच्यता करायची नाही. आडतीत असा हिशोब दाखवला असता तर मालकानं बाहेर काढलं असतं.

या खेळाचा मोठा अवतार अमेरिकेत झाला, आणि तुझ्या वडिलांच्या ग्रुपाची पद्धत मला तिथूनच उचललेली दिसते. २८ ऑक्टोबर २०१७ ला फोरचॅन नावाच्या निनावी फळ्यावर एक मजकूर आला: हिलरी क्लिंटन यांना ३० तारखेला सकाळी अटक होणार. लिहिणारा पुढं 'क्यू' म्हणून ओळखला गेला, सरकारातल्या गुप्त वर्तुळातला असल्याचा त्याचा आव. ३० तारीख आली आणि गेली, अटक झाली नाही. खरं तर तिथंच दुकान बंद व्हायला हवं होतं. उलट २०२० च्या डिसेंबरपर्यंत त्याच नावानं जवळजवळ ५००० त्रोटक, अर्धवट, प्रश्नार्थक मजकूर आले. अनुयायी त्यांना चुरा म्हणायचे, भाकरीचा पडतो तसा. आणि तो गोळा करून अर्थ लावणारे स्वतःला बेकर, म्हणजे भाकरी भाजणारे, म्हणवायचे. (आपल्याकडं कडक भाकरीचा चुरा दुधात किंवा आमटीत जातो, तो उपयोग बरा.) ट्रम्प यांचं ट्वीट आणि क्यूचा मजकूर यांच्या वेळांत किती मिनिटांचा फरक, यावर रात्र रात्र चर्चा. क्यू हे इंग्रजीतलं सतरावं अक्षर, म्हणून २० जानेवारी २०२१ ला ट्रम्प निरोपाचं भाषण करत होते तेव्हा लोक मागचे झेंडे मोजत होते. सतरा भरले! काही तासांत बायडेन यांचा शपथविधी नेहमीसारखा पार पडला.

गंमत अशी, की याच प्रकरणात खरी उकलही झाली. २०२२ मध्ये भाषेच्या लकबी मोजणाऱ्या दोन पथकांनी, एक स्वित्झर्लंडचं आणि एक फ्रान्सचं, क्यूचे मजकूर वेगवेगळे तपासले. दोघांनी बोट दाखवलं ते त्याच दोन माणसांकडं. त्या दोघांनी ते नाकारलं, तो भाग सोड. पण दोन खोल्यांतून एकच आकडा बाहेर येणं म्हणजे काय, ते इथं दिसतं. आणि त्या माणसांत सरकारी गुपितांपाशी बसणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण वडिलांना जास्त भिडेल. नोव्हेंबर २०१९. संजय राऊत रोज सकाळी एक शेर टाकायचे आणि अख्खा महाराष्ट्र तो उलगडत बसायचा. २२ तारखेच्या संध्याकाळी शरद पवारांनी सांगितलं, उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झालंय. सगळे निश्चिंत झोपले. २३ ला सकाळी आठच्या सुमारास टीव्ही लावला तर राजभवनात फडणवीस आणि अजित पवार शपथ घेऊन मोकळे. इतक्या दिवसांचे शेर, इतके उलगडणारे, पण पहाटे काय शिजतंय याचा वास एकालाही आला नाही. २६ ला ते सरकार गेलं आणि २८ ला ठाकरेंचा शपथविधी झाला. मग पुन्हा लोक जुने शेर काढून दाखवायला लागले, 'बघा, यात होतंच की!' ज्याला खरोखर लपवायचं असतं तो शेर टाकत नाही गं.

आता पैशाचं आणि जिवाचं. वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झाच्या दुकानाच्या तळघरात मुलं डांबलीत, असा अर्थ २०१६ मध्ये लोकांनी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाच्या फुटलेल्या ईमेलींतून काढला होता. 'पिझ्झा' म्हणजे अमुक, 'चीज' म्हणजे तमुक. ४ डिसेंबरला एक माणूस रायफल घेऊन त्या दुकानात शिरला, गोळ्या झाडल्या. कुणी मेलं नाही हे नशीब. दुकानाला तळघरच नव्हतं. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

आणि लांब कशाला जायचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा सगळीकडं फिरत होते. अनोळखी पोशाख, झोळी, पोरीशी दोन शब्द बोलणं, एवढ्या 'खुणा' लोकांना पुरल्या. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं होती. त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. वडिलांना हे माहीत असणार. पण त्याचा आणि आपल्या ग्रुपाचा संबंध त्यांनी लावला नसेल. तो तू लगेच लावायला जाऊही नकोस, अंगावर येतील.

तर काय करायचं. पैसे आधी: बँकेत आईच्या नावाचं जे काही आहे त्याला कुणी हात लावणार नाही, एवढं भावाला मध्ये घालून ठरवून घ्या. हे वादाविना होणार नाही, होऊ दे.

बाकीच्यासाठी मी एका जुन्या मित्रावर केलेला प्रयोग सांगतो. त्याला मी दोनशे पानी वही दिली आणि म्हटलं, तुझ्या ग्रुपाची रोजकीर्द लिही. डावीकडं तारीख आणि भाकीत, जसंच्या तसं, 'मोठं काहीतरी घडणार' असलं चालणार नाही. काय, कुठं, कधीपर्यंत. उजवीकडं त्या तारखेला काय झालं ते. आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते ना? दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू काय हुंगतं, कशाला तोंड लावतं, बिथरतं का, यावरून पाऊसपाणी आणि महागाई सांगतात. मीही जातो, हात जोडतो, सकाळी पेपरात पुन्हा वाचतो. पण वर्ष संपताना गेल्या सालचा पेपर काढून कुणी ताडून बघत नाही. तिथं ते चालतं, कारण वासराच्या भरवशावर कुणी मुदतठेव मोडत नाही.

मित्रानं अडीच महिने वही लिहिली. धंद्यातला माणूस, उजवी बाजू कोरी बघवेना त्याला. आधी ग्रुपात विचारलं, 'मागच्या तारखेचं काय झालं?' उत्तर आलं, तारीख मुद्दाम चुकीची दिली होती, शत्रूला फसवायला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ॲडमिननं काढून टाकलं. त्याला फार लागलं ते, कारण तिथं त्याला सगळे 'सर' म्हणायचे. तुझ्या वडिलांचंही तेच असणार. माग होते तेव्हा वीस माणसं त्यांच्या शब्दावर हलायची, आता घरात चहा गार झाला तरी कुणी विचारत नाही. ग्रुप सुटला की संध्याकाळचे तीन तास रिकामे पडतात, त्यांची सोय आधी बघ. भावाला सांग, सुताच्या दराचं विचारायला बाबांना रोज एक फोन करत जा, खोटा नको, खरंच विचार. माझा मित्र पुरता सुटला असंही नाही, आता शेअरच्या टिपांच्या ग्रुपात आहे. पण तिथं वही घेऊन बसतो.

एक काळजी घे: वही त्यांच्याच अक्षरात हवी. तू लिहिलीस तर तो तुझा आरोप होईल. आणि ग्रुपानं पुढची तारीख कुठली दिलीय, ती विचारून मला इथंच कळव. पहिली नोंद तिथूनच करायला लावू.