'निरसन व व्यावृत्ती' म्हणजे नेमके काय?

प्रश्न कोल्हापुरातून आला आहे. जमीन महसूल संहितेची मराठी प्रत चाळताना शेवटाकडे 'निरसन व व्यावृत्ती' असे शब्द दिसले. निरसन म्हणजे रद्द करणे, मग व्यावृत्ती कशाची? आणि सरळ 'रद्दबातल' का म्हणत नाहीत?

'निरसन' आपल्याला शंकानिरसनामुळे ओळखीचे. निर् + अस्, म्हणजे बाहेर टाकणे. शंका फिटली की मागे काही उरत नाही, आणि घोळ इथेच होतो. कायद्याचे निरसन झाले तरी तो अमलात असताना जे घडले ते पुसले जात नाही. हा नियम ब्रिटिश अमदानीतल्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चा अधिनियम क्रमांक १०) कलम ६ मध्ये आहे. तो केंद्रीय कायद्यांना लागू. राज्याच्या कायद्यांसाठी मुंबईचा १९०४ चा तशाच नावाचा अधिनियम, त्याचे कलम ७. कायद्याचा आधीचा अंमल, मिळालेला हक्क, अंगावर आलेले दायित्व, ओढवलेली शिक्षा, चालू तपास यांपैकी कशालाही निरसनाने बाध येत नाही. मात्र नव्या कायद्यात वेगळा उद्देश दिसत नसेल तरच. ही अट वाचायची राहून जाते आणि मग हुकमी वाटलेला युक्तिवाद कोसळतो.

समजा, रंकाळ्यावर २८ जून २०२४ ला मारामारी झाली आणि फिर्याद ३ जुलैला नोंदली. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला अमलात आली. तरी गुन्ह्याची कलमे भारतीय दंड संहितेचीच (१८६० चा ४५) लागतील, कारण कृत्य त्या कायद्याच्या हयातीत घडले. न्याय संहितेच्या कलम ३५८ मध्ये निरसन आणि व्यावृत्ती दोन्ही आहेत ते यासाठीच. फिर्यादीवर नवी कलमे लिहिली तर चूक होते, ती का, याचे उत्तर 'व्यावृत्ती' या एका शब्दात आहे.

व्यावृत्ती म्हणजे वि + आ + वृत्, बाजूला वळवणे, वेगळे काढणे. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, 'इतरव्यावृत्ती' (इतरांपासून वेगळे काढणे) म्हणतात ती हीच. निरसनाच्या तडाख्यातून जे बाजूला काढून राखले, ती व्यावृत्ती. १८७९ ची मुंबईची जमीन महसूल संहिता १९६६ च्या संहितेने निरसित झाली, तेव्हा जुन्या आदेशांना आणि अधिसूचनांना असाच आधार मिळाला. नव्या तरतुदींशी विसंगत नसेल तेवढे नव्याखालीच केलेले मानायचे.

'रद्दबातल' वेगळे. त्यातला 'बातल' अरबी बातिलचा, म्हणजे निरर्थक, पोकळ. न्यायालय एखादा आदेश रद्दबातल ठरवते तेव्हा तो मुळातच टिकणारा नव्हता असा भाव असतो. निरसन विधिमंडळ करते आणि एरवी ते पुढच्या काळापुरते असते. ठरावीक मुदतीचा कायदा मुदत भरून संपला, तर ते निरसनही नव्हे. तिथे कलम ६ आपोआप धावून येत नाही, व्यावृत्ती त्याच कायद्यात लिहावी लागते.

आणखी एक फसगत. दुसऱ्या कायद्याने पहिल्याचे निरसन केले आणि तिसऱ्याने दुसऱ्याचे, तर पहिला आपसूक जिवंत होत नाही. तसे स्पष्ट लिहावे लागते (कलम ७, १८९७ चा अधिनियम).

'सुधारणा' या शब्दातही समाजसुधारणेचा वास नको. कायद्यात त्याचा अर्थ बदल, चांगला की वाईट हे त्यात येत नाही. 'या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल' म्हणजे अदलाबदल, 'जादा दाखल' म्हणजे शेवटी भर, 'वगळण्यात येईल' म्हणजे काढून टाकणे. छपाईची चूक मात्र शुद्धिपत्रकाने सुधारतात, तिला विधेयक लागत नाही.

माझे मत विचाराल तर 'व्यावृत्ती'ऐवजी 'राखीव बाबी' अधिक लवकर कळले असते. पण अर्ज किंवा दाव्यात मूळ शब्दच ठेवा. कलमाच्या शीर्षकात तो जसा छापला आहे, तसाच.