नवऱ्याची बदली आइंडहोवनला, मग खर्च बायकोच्या पीएफमधून का?

प्रश्न : मी 38 वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. ऐरोलीतल्या एका कंपनीत युरोपियन क्लायंटच्या अकाउंट्सचं काम करते, सलग 11 वर्षं 7 महिने झाले. शिक्षण मुंबई विद्यापीठाचं एम.कॉम. हातात 78,000 रुपये येतात, बेसिक 42,000. मिस्टरांना त्यांची कंपनी तीन वर्षांसाठी नेदरलँड्सला, आइंडहोवनला पाठवते आहे, तिथल्याच पगारपटावर. ऑफर लेटर आलंय, सही अजून व्हायची आहे. मुलगी सात वर्षांची. मला नोकरी सोडावी लागेल. परदेशी जाणाऱ्या बायकांसाठी एका संस्थेचा ऑनलाइन ‘इंटरनॅशनल करिअर कोच’ कोर्स आहे, फी 3,80,000. जगात कुठेही गेलात तरी करिअर सोबत नेता येतं, असं ते सांगतात. माझ्या पीएफमध्ये 11,40,000 आहेत आणि 6 लाखांची एफडी आहे. पगार माझा थांबणार, म्हणून कोर्सचा बोजा घरावर न टाकता पीएफमधूनच भागवावा असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, तीन वर्षं निवांत राहा की. काय करू?

ताई, आधी सरळ उत्तर देते. आइंडहोवनला जरूर जा. पीएफला हात लावू नका. हा कोर्स घेऊ नका. आणि मिस्टरांना ऑफर लेटरवर लगेच सही करू देऊ नका.

पगार तुमचा थांबणार म्हणून खर्चही तुमच्याच पीएफमधून, हे तुमचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. पगार थांबतोय तो घराने मिळून घेतलेल्या निर्णयामुळे. मग त्याची किंमतही घरानेच मोजायला हवी. ती किती, ते पाहू. महिना 78,000 प्रमाणे 36 महिन्यांचे 28,08,000 रुपये. शिवाय पीएफ आणि त्याच्या पेन्शनमध्ये मिळून तुमचे 5,040 आणि कंपनीचे तेवढेच, असे महिन्याला 10,080 जात होते, तेही बंद. तीन वर्षांत 3,62,880. म्हणजे जवळजवळ कोर्सच्या फीएवढी भर निवृत्तीच्या पुंजीत पडायची थांबणारच आहे. त्यावर तितकीच रक्कम पीएफच्या आधीच्या शिल्लकीतून काढायची, असा तुमचा बेत आहे. तीन वर्षांनी ठाण्यात परत याल तेव्हा 41 व्या वर्षी हातात एक सर्टिफिकेट असेल आणि निवृत्तीची पुंजी दोन्हीकडून खचलेली असेल.

हे 28 लाख मिस्टरांच्या नव्या पगारासमोर एका कागदावर मांडा. त्यांचा पगार वाढला तो पूर्ण वाढला, असं घरात कुणी धरू नये. त्यातून तुमचा थांबलेला पगार वजा करून जे उरेल तीच खरी वाढ.

आता सहीबद्दल. बऱ्याच मोठ्या कंपन्या बदलीच्या पॅकेजमध्ये जोडीदाराच्या करिअरसाठी काही रक्कम ठेवतात. भाषेचा क्लास, सीव्हीचं मार्गदर्शन, परीक्षांची फी अशा गोष्टींना ती चालते. पण ऑफर लेटरमध्ये ती बऱ्याचदा आपणहून लिहिलेली नसते, जो मागतो त्याला मिळते. मागायला संकोच वाटायचं कारण नाही. द हेगमध्ये पर्मिट्स फाउंडेशन नावाची संस्था 2001 पासून आहे, बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पाठबळावर उभी राहिलेली. जोडीदाराला काम करता येत नाही म्हणून माणसं बदली नाकारतात, हे कंपन्यांच्या लक्षात आलं होतं. सोबत आलेल्या जोडीदारांना कामाचा हक्क मिळावा म्हणून ती देशोदेशीच्या सरकारांकडे पाठपुरावा करते. तेव्हा मिस्टरांनी एचआरला लेखी विचारावं : पत्नी चालू नोकरी सोडून येते आहे, तिच्या करिअरसाठी काय तरतूद आहे, आणि त्या रकमेवर कर लागला तर तो कंपनी भरेल का? सही झाल्यावर हे विचारण्यात जोर उरत नाही.

कोर्सला माझा विरोध का, तेही सांगते. कोचकडे लोक येतात ते ओळखीतून, कुणीतरी सुचवलं म्हणून. ज्या गावात तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथे, न केलेल्या धंद्याची सुरुवात करायला ही संस्था सांगते आहे. तुमच्याकडे साडेअकरा वर्षांचा युरोपियन हिशेबांचा अनुभव आहे. मंथ-एंड म्हणजे महिन्याअखेरचे हिशेब बंद करणं, इंटरकंपनी रिकन्सिलिएशन म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्यांचे आपसातले हिशेब जुळवणं, ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरं, हे सगळं तुम्ही ऐरोलीत बसून त्यांच्याच कंपन्यांसाठी केलंय. सोबत नेता येणारं करिअर तुमच्यापाशी आहेच.

शिवाय करिअर कुठे नेता येईल, हे बरंचसं व्हिसा ठरवतो, कोर्स नाही. नेदरलँड्समध्ये ‘हायली स्किल्ड मायग्रंट’च्या, म्हणजे तिथल्या कंपनीने बोलावलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या (मिस्टरांचा परवाना बहुधा हाच असेल) जोडीदाराला कुठेही नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करता येतो. जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना असलेल्याच्या जोडीदाराचंही तसंच. सिंगापूरमध्ये मात्र डिपेंडंट पासवर (नोकरदाराच्या कुटुंबीयांचा परवाना) असलेल्यांना 1 मे 2021 पासून नोकरीसाठी सहसा वेगळा वर्क पास लागतो. अमेरिकेत एच-4 वर, म्हणजे एच-1बी सारख्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, सरसकट काम करता येत नाही. 2015 च्या नियमाने ठरावीक जोडीदारांनाच परवानगी आहे. उद्या मिस्टरांची पुढची बदली सिंगापूरला झाली, तर आइंडहोवनमध्ये जमवलेलं कोचिंग तिथे जसंच्या तसं नेता येणार नाही. अकाउंट्समधला अनुभव आणि त्या क्षेत्रातली माणसं मात्र सोबत येतील.

म्हणून पैशाआधी वेळ घाला, आणि तो आत्ता घाला, कंपनीचं कार्ड गळ्यात आहे तोवर. ऐरोलीतला तुमचा ईमेल आयडी बंद झाला की क्लायंटकडची माणसं हातातून निसटतील. त्यांच्यापैकी ज्यांच्याशी वर्षानुवर्षं कॉलवर बोलत आलात, त्यांना लिंक्डइनवर जोडून घ्या. तुमचा मॅनेजर आणि क्लायंटकडचा एखादा फायनान्स मॅनेजर यांच्याकडून दोन-चार ओळींची शिफारस मागा. नुसतं ‘शी इज हार्डवर्किंग’ नको. मंथ-एंड किती दिवसांवरून किती दिवसांवर आणला, कुठली जुनी अडकलेली एंट्री सोडवली, असं लिहून घ्या. एक काळजी घ्या. तुमच्या नियुक्तिपत्रात क्लायंटकडे नोकरी न करण्याची अट आहे का ते वाचा. असेल तर थेट त्या क्लायंटकडे अर्ज न करता, त्या माणसांना फक्त विचारा : आइंडहोवनच्या आसपास इंग्रजीवर चालणाऱ्या फायनान्स टीम कुठे आहेत, भरती कोण करतं? नोकरी मागितली की माणूस अवघडतो. माहिती विचारली तर बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात, आणि त्यातूनच पुढचं नाव मिळतं.

सीव्हीच्या अगदी वर, नावाखाली एक ओळ हवी : नेदरलँड्समध्ये काम करण्याची पूर्ण मुभा, स्पॉन्सरशिपची गरज नाही. तुमच्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर डच भाषेत हेच छापलेलं असेल. ही ओळ नसेल तर भारतीय नाव पाहून भरती करणारा व्हिसाची झंझट समजतो आणि सीव्ही बाजूला ठेवतो.

यात पैशाचाही एक मोठा मुद्दा आहे आणि तो क्रमाचा आहे. परदेशातून भरती करून आणलेल्या माणसाला डच कायद्यात पगाराच्या 30 टक्क्यांपर्यंत भाग करमुक्त मिळू शकतो, जास्तीत जास्त पाच वर्षं. 2027 पासून तो 27 टक्के होणार आहे. त्याला पगाराची किमान अट आहे. तुम्ही पत्नी म्हणून तिथे राहायला गेलात आणि मग नोकरी लागली, तर ही सवलत सहसा मिळत नाही, कारण भरती परदेशातून झाली असं धरत नाहीत. ठाण्यात असतानाच करार झाला तर ती मिळण्याचा रस्ता उघडा राहतो. तेव्हा शोध आजपासून सुरू करा. मिस्टर पुढे जाऊन घर बघणार असतील आणि तुम्ही मुलीची परीक्षा संपल्यावर निघणार असाल, तर त्या महिन्यांचा हा उपयोग आहे.

‘ऐरोलीचीच नोकरी तिथून करू का’ असं मनात येईल. परवान्याची आडकाठी नाही, पण तुम्ही आइंडहोवनच्या घरात बसून काम केलंत तर त्या पगारावर तिथला कर लागतो, पगार ठाण्यातल्या खात्यात आला तरीही. कंपनीच्या अंगावरही तिथली नोंदणी आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी येऊ शकते, म्हणून कंपन्या बहुधा नाही म्हणतात. गुपचूप तर करूच नका. त्यापेक्षा तिथे फ्रीलान्सर म्हणून चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदणी करून बिल लावणं स्वच्छ. वर्षाची उलाढाल 20,000 युरोंच्या आत असेल तर तिथल्या व्हॅटमधून सवलतही मागता येते.

सासूबाईंचं म्हणणं मायेचं आहे. पण तुमच्या छोट्या नोकरीचाही तिथे दुहेरी फायदा असतो, हे त्यांना सांगा. शाळा सुटल्यावर मुलीला जिथे ठेवाल त्या पाळणाघराच्या खर्चाला डच सरकार अनुदान देतं. पण साधारणपणे आई आणि बाप दोघंही कमावते असतील तरच. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी कागदावर दिसते त्यापेक्षा घराला जास्त देते. आणि तिथे तीन-चार दिवसांची नोकरी हा कमीपणा मानत नाहीत, बायकांमध्ये तर ती अगदी सर्रास आहे.

खर्चाची मर्यादा मी 2,25,000 सुचवेन, तीही मिस्टरांच्या पॅकेजमधून किंवा पहिल्या काही पगारांतून. त्यात डच भाषेचा क्लास, पदवीचं मूल्यांकन, गाठीभेटींसाठी ॲमस्टरडॅम किंवा रॉटरडॅमपर्यंत रेल्वेने जाणं-येणं आणि एसीसीए या ब्रिटिश अकाउंटिंग पात्रतेचे सुरुवातीचे पेपर. एसीसीएचे एकूण 13 पेपर असतात, पदवीनुसार काहींतून सूट मिळते आणि परीक्षा वर्षातून चारदा होतात. ठाण्यात सुरू करून आइंडहोवनमध्ये पुढे नेता येते, परत आल्यावर ऐरोली-महापेच्या कंपन्यांतही तिला मान आहे. तेरा पेपरांची फी एकदम भरू नका. एक पेपर द्या, झेपतंय का बघा, मग पुढचा.

निघण्याआधी कलिनाहून मुंबई विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढून घ्या. लग्नाच्या दाखल्यावर आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का लागेल, पदवीवरही करून ठेवा. तिथे पोचल्यावर ही कामं नातेवाइकांच्या गळ्यात पडतात.

पीएफ आहे तिथेच राहू दे. 2024-25 साठी व्याज 8.25 टक्के होतं. हाच दर टिकला तर 11,40,000 चे तीन वर्षांत साधारण 14,46,000 होतील. नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागेल, तरीही दुसरीकडे इतका सुरक्षित परतावा शोधून सापडायचा नाही. पीएफच्या पेन्शन योजनेत तुमची वर्गणी जात असेल, तर दहा वर्षं झाल्याने पेन्शनचा हक्कही तुम्हाला लागू झालाय, त्याचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनपात्र नोकरीचा दाखला, घ्या. आधारशी जोडलेलं भारतातलं सिम चालू ठेवा, कारण पीएफचा प्रत्येक ओटीपी त्यावरच येतो. ग्रॅच्युइटी 12 वर्षांची धरली जाईल : 42,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 12, म्हणजे सुमारे 2,90,000. ती आणि 6 लाखांची एफडी हा तुमचा परतीचा फंड. परत आल्यावर नोकरी मिळायला चार-सहा महिने लागले तर मिळेल ती पहिली नोकरी नाइलाजाने पत्करावी लागू नये, एवढ्यासाठीच तो.

बचत खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातलं रुपयांचं खातं, करून घ्या. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालवता येईल. घोडबंदरचा फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की मालक एनआरआय झाल्यावर त्याला भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस कापावा लागतो. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला मिळवता येतो. तिथला आरोग्य विमा सक्तीचा आहे. चार महिन्यांत घ्यावाच लागतो आणि प्रत्येक प्रौढाला महिन्याला दीडशे युरोंच्या पुढे जातो. 18 वर्षांखालच्यांना हप्ता नाही. घरखर्चात हे आजच धरा.

आणि दर महिन्याला 25,000 रुपये मिस्टरांच्या पगारातून तुमच्या नावावर, पहिल्याच पगारापासून. तुमचा बुडालेला पीएफ आणि थोडी बचत त्यातून भरून निघते. या पैशांच्या भारतातल्या गुंतवणुकीवरचं उत्पन्न कराच्या हिशेबात मिस्टरांच्या उत्पन्नात धरलं जाईल, तेवढं लक्षात ठेवा. पैसा मात्र तुमचाच राहील.

राजीनामा सगळ्यात शेवटी. त्याआधी एक वर्षाच्या बिनपगारी रजेचा अर्ज द्या, तोंडी न विचारता लेखी. कारण ‘कौटुंबिक स्थलांतर’ असं स्पष्ट लिहा आणि क्लायंटच्या कामाचं हस्तांतर कसं कराल ते त्याच अर्जात मांडा. साडेअकरा वर्षांच्या माणसाला सरळ नाही म्हणणं मॅनेजरलाही जड जातं. रजा मिळाली तर नोकरी अखंड राहते आणि आइंडहोवनमध्ये काय जमतंय ते बघायला तुम्हाला वर्षभर मिळतं. तिथे नोकरी किंवा व्यवसाय सुरू करायची वेळ आली, की आधी ऐरोलीचा राजीनामा द्या. नकार आला तर नोटीस पिरियड मोजून, बोनस खात्यात जमा झाल्यावरच कागद पुढे सरकवा.